डॉस चालतं, पण झेनिक्स अडतं: जुन्या पीसीला युनिक्सजोगं हार्डवेअर कसं शोधायचं

गेल्या काही वर्षांत एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. मशीन ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचं असतं. कुणी ते जुन्या बाजारातून उचललेलं असतं, कुणाला काकांच्या बंद पडलेल्या ऑफिसच्या माळ्यावर सापडलेलं असतं. फ्लॉपीवरून झेनिक्स (मायक्रोसॉफ्टनं काढलेली, पुढे एससीओ कंपनीनं विकलेली पीसीवरची युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होतं, दोन-चार ओळी पडद्यावर येतात आणि मग एक तर हार्ड डिस्क दिसत नाही, नाहीतर पॅनिक, म्हणजे सिस्टिमनं हात टेकल्याचा संदेश, येऊन सगळं थिजतं. घेऊन येणारा हमखास म्हणतो, "काका, डॉस तर झकास चालतंय. म्हणजे हार्डवेअर चांगलं आहे ना?"

नाही. या प्रकरणात पहिली गाठ इथेच सोडवावी लागते. डॉस चालतं याचा अर्थ एवढाच की बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, चालतं. डॉस स्वतः हार्ड डिस्कशी बोलत नाही, ते बायोसला सांगतं आणि बायोस काय ते बघून घेतं. बायोसचा कोड १६ बिटी रिअल मोडमधला, म्हणजे प्रोसेसरच्या जुन्या, १ एमबीपुरत्या अवस्थेतला. डिस्कनं उत्तर देईपर्यंत तो तिथेच ताटकळत उभा राहतो, आणि एका वेळी एकच काम ही त्याची रीत. आठ टर्मिनलवर आठ माणसं बसलेल्या युनिक्सला हे परवडत नाही. म्हणून झेनिक्सचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे १ एमबीच्या वरची मेमरी वापरता येणाऱ्या अवस्थेत, शिरलं की बायोसला बाजूला ठेवतं आणि कंट्रोलरच्या रजिस्टरांवर थेट हात घालतं. मग कार्ड ठरलेल्या पत्त्यावर हवं, ठरलेल्या इंटरप्टवर (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं त्या तारेवर) हवं, आणि नुसतं तसं वाटून चालत नाही, खरंच तसं वागायला हवं. बायोसनं झाकून ठेवलेली प्रत्येक लबाडी इथे उघडी पडते.

हे फक्त झेनिक्सचं दुखणं नाही. कोहेरंट, मिनिक्स, ३८६बीएसडी या पीसीवरच्या युनिक्सच्या भावंडांचंही बहुतांशी हेच. १९९१ सालचं लिनक्ससुद्धा सुरुवातीला एटी हार्ड डिस्कपलीकडे काही ओळखत नव्हतं. मी झेनिक्सबद्दल लिहितोय कारण माझे हात त्यावर बसले आहेत. नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यातल्या पतसंस्थांमध्ये एससीओ झेनिक्स ३८६, एक मशीन आणि भोवती सहा-आठ डंब टर्मिनलं (नुसता पडदा आणि कीबोर्ड) अशी मांडणी असायची, आणि ती चालू ठेवणं हे माझं काम होतं.

सगळ्यात जास्त लोक हार्ड डिस्कपाशी अडतात, म्हणून तिथून सुरुवात करू.

आता खऱ्या एमएफएम डिस्का, म्हणजे वेगळ्या कंट्रोलर कार्डावर चालणाऱ्या जुन्या डिस्का, फारशा उरल्या नाहीत. सीगेटची एसटी-२२५ कुठे मिळाली आणि फिरली तर जपून ठेवा: ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, २० एमबी. बहुतेक जण आता कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीई (कंट्रोलर डिस्कवरच असलेल्या नंतरच्या पद्धतीच्या) अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून वापरतात, आणि ते चांगलं चालतंही. आयडीईची रजिस्टरं मुळात वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या एटी कंट्रोलरच्या घाटाची आहेत, त्यामुळे झेनिक्सला समोर ओळखीचाच माणूस दिसतो. अडचण कार्डाची नसते, भूमितीची, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टरच्या आकड्यांची असते.

मागच्या पावसाळ्यात कोथरूडचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा ४८६ घेऊन आला होता. त्यात ४ जीबीचं कार्ड. डॉस व्यवस्थित बसलेलं. झेनिक्सची फ्लॉपी लावली की डिस्क दिसायची, पण पार्टिशन करून फाइल सिस्टिम बनवताना वाचन-लेखनाच्या चुकांची रांग लागायची. बायोस सेटअप उघडला. डिस्कच्या ओळीत शेवटी "एलबीए" (मोठ्या डिस्कसाठी आकडे बदलून दाखवणारा मोड) होतं आणि हेडच्या खाली आकडा होता १२८. तिथेच उत्तर होतं. कंट्रोलरच्या ज्या रजिस्टरात हेडचा क्रमांक लिहायचा, त्यात हेडसाठी फक्त ४ बिट आहेत. ४ बिटांत ० ते १५, म्हणजे १६ हेड मावतात. १२८ हेड हा बायोसनं डॉससाठी मांडलेला हिशेब होता. डॉस बायोसमधूनच जात असल्यामुळे त्याला काही कळलं नाही. झेनिक्सनं तो आकडा खरा मानला आणि सतराव्या हेडला हात घातला तिथे सगळं कोलमडलं.

उपाय असा. बायोसमध्ये "लार्ज" नको, "एलबीए" नको, "नॉर्मल" ठेवा. ऑटो डिटेक्ट नॉर्मल मोडमध्ये जे आकडे दाखवील त्यातले हेड आणि सेक्टर जसेच्या तसे राहू द्या. सिलिंडर १०२४ च्या वर असतील तर तेवढे कापून १०२४ करा. हेड-सेक्टर बदलले तर पत्त्याचा हिशेब बिघडतो, सिलिंडर कापले तर शेवटची जागा वाया जाते, एवढंच. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर म्हणजे ५०४ एमबी. झेनिक्सला हे गावजेवण आहे. त्या मुलाच्या मशीनवर सेटअपमध्ये हा एक बदल केला आणि पाऊण तासात बेस सिस्टिम उतरली.

याच जागी दोन-तीन आडवाटा आहेत. त्याच केबलवर स्लेव्ह (दुसरं उपकरण) म्हणून सीडी-रॉम असेल तर काढून ठेवा. झेनिक्सला ती काय वस्तू आहे हे माहीतच नाही. ८ बिटी स्लॉटमध्ये बसणारी, स्वतःचं बायोस घेऊन येणारी हल्लीची आयडीई कार्डं डॉससाठी सुंदर आहेत, पण झेनिक्सला कंट्रोलर १एफ० या पत्त्यावर आणि इंटरप्ट १४ वर लागतो. फ्लॉपी नसलेल्या मशीनवर तर या कार्डांनी फार चकवा दिला आहे: सुरुवातीचा लोडर बायोसच्याच आधारानं चालतो, त्यामुळे कर्नल मेमरीत येतं, आणि मग ते डिस्क शोधायला जातं तेव्हा तिथे कुणीच नसतं.

अमी बायोसच्या काही बोर्डांवर अजून एक ओळ दिसेल, टाइप ४७ चा रॅम एरिया कुठे ठेवायचा अशी. स्वतः भरलेली भूमिती बायोस मेमरीत कुठेतरी लिहून ठेवतं. एक पर्याय ०:३०० चा, दुसरा डॉसच्या मेमरीतला शेवटचा १ केबी. आकडे बरोबर भरूनही डिस्क विचित्र भूमितीची दिसत असेल तर हा पर्याय बदलून बघा.

स्कझी (डिस्क जोडायची दुसरी पद्धत) वापरायची असेल तर अडॅप्टेकचं १५४२ घ्या, पत्ता ३३०, आणि १ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठीचं भाषांतर बंद ठेवा. हे कार्ड बस मास्टर आहे, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट लिहितं. आयसा बसला (ही कार्डं बसतात त्या जुन्या स्लॉटना) पत्त्याच्या २४ तारा, म्हणजे १६ एमबीच्या वरची मेमरी त्याला दिसत नाही. तेव्हा मशीनमध्ये एकूण रॅम १६ एमबीच्या आतच ठेवा. तसंही ४ एमबीत झेनिक्स सुखानं नांदतं.

आता पॅनिकचं बघू. डिस्क दिसते, इन्स्टॉलेशन सुरू होतं आणि कधी पाचव्या, कधी नवव्या फ्लॉपीला पॅनिक. जागा दर वेळी वेगळी. असं झालं की मी डिस्ककडे बघतच नाही, रॅमकडे बघतो. साधं डॉस ६४० केबीत वावरतं. तिसऱ्या एमबीतली खराब चिप त्याला आयुष्यभर भेटणार नाही. युनिक्स मात्र बफर आणि प्रोसेस मिळेल तिथे पसरवतं, त्यामुळे कधी ना कधी ते त्या खड्ड्यात पाय घालतंच. चालू करताना बायोस जी मेमरी मोजतं ती ओझरती तपासणी असते, खरी परीक्षा नव्हे. मेमरी तपासणारा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून रात्रभर चालवा. ३० पिनी सिम (मेमरीच्या पट्ट्या) असतील तर ३८६डीएक्स आणि ४८६ ला चार-चारच्या संचात लागतात. चारही एकाच वेगाच्या घ्या, शाईच्या खोडरबरानं नाही तर पेन्सिलीच्या पांढऱ्या खोडरबरानं त्यांचे संपर्क पुसा, आणि पॅरिटी तपासणी (मेमरीतली चूक पकडणारी) चालू ठेवा. पॅरिटी एरर दिसली की बंद करून टाकायचा मोह होतो. तसं करू नका, ती तुम्हाला खरं सांगतेय.

फार जुनं, १९८७ च्या आसपासचं ३८६ हाती लागलं तर प्रोसेसरवरचा छाप वाचा. इंटेलच्या सुरुवातीच्या काही चिपमध्ये ३२ बिटी गुणाकारात दोष निघाला होता. तपासून पास झालेल्यांवर दोन सिग्मा छापले गेले, आणि नापास झालेल्यांवर फक्त १६ बिटी सॉफ्टवेअरसाठी असा शिक्का. शिक्क्याच्या चिपवर डॉस वर्षानुवर्षं बिनतक्रार चालेल, कारण ते १६ बिटीच आहे. झेनिक्स ३८६ साठी ती चिप घेऊ नका. संग्रहात ठेवायला मात्र ती छान आहे.

आणि आता बॅटरी. याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण पुण्यात या एका गोष्टीनं जेवढे बोर्ड गेले तेवढे दुसऱ्या कशानं गेले नसतील. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर निळ्या किंवा हिरव्या कातड्याचा छोटा पिंपासारखा ३.६ व्होल्टचा सेल असतो, निकेल-कॅडमियमचा, थेट सोल्डर केलेला. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर, चार पावसाळे ओल खाल्लेल्या खोलीत तो फुटतो आणि पाझरतो. बहुतेक बोर्डांवर त्याच्या शेजारीच कीबोर्डचा कनेक्टर आणि कीबोर्ड कंट्रोलर असतो. हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड तांब्याच्या बारीक रेषा खात पुढे सरकते. मी एकदा भिंगाखाली बघितलं होतं: रेषेवरचा हिरवा लेप फुगून आलेला, सुईचं टोक लावलं तर तो पापडासारखा उडाला, आणि खाली तांबं नव्हतंच, नुसता काळा डाग होता. मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावला तर आवाज नाही.

याचा युनिक्सशी संबंध काय, तर १ एमबीच्या वर जायचा दरवाजा, ए२० गेट, याच कीबोर्ड कंट्रोलरमधून उघडतो. तो उघडला नाही तरी साधं डॉस १ एमबीच्या आत राहून चालतं, कीबोर्डही चालतो. झेनिक्स वर चढायला जातं आणि थिजतं, किंवा मशीन स्वतःहून पुन्हा सुरू होतं. कर्नलच्या पहिल्या ओळीही न येता रीबूट होत असेल तर बोर्डचा तो कोपरा तपासा.

सेल आधी कापून काढा, मशीन चालो न चालो. पाझरलेलं द्रव्य अल्कली असतं, म्हणून त्याला उतारा सौम्य आम्लाचा. व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस कापसाच्या बोळ्यानं लावा, फसफसणं थांबेपर्यंत. मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग दोन दिवस उन्हाच्या तिरिपेत नव्हे तर सावलीत वाळवण. तुटलेल्या रेषांवर बारीक तारेनं टाका घाला. नवी बॅटरी बोर्डपासून लांब, वायरनं जोडून, कॅबिनेटच्या पत्र्याला बांधा. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचं हेडर असतंच.

झेनिक्स उठलं की पडद्यावर एक तक्ता येतो. लोक तो नुसता वर सरकू देतात. त्याचा फोटो काढून ठेवा. प्रत्येक ओळीत उपकरणाचं नाव, पत्ता, व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) आणि डीएमए (मेमरीशी थेट ने-आण करायची वाहिनी) असतो. फ्लॉपीसमोर ०६ आणि डीएमए २ दिसेल, ते सरळ आहे. डिस्कसमोर मात्र ३६ आणि कोप्रोसेसरसमोर ३५ दिसतं, आणि नवखा माणूस इंटरप्ट ३६ शोधत बसतो. ती झेनिक्सची स्वतःची मोजणी आहे; ३६ म्हणजे इंटरप्ट १४, ३५ म्हणजे इंटरप्ट १३. कार्ड बसवलं आहे आणि त्याची ओळच तक्त्यात नाही, तर पत्ता चुकला. ओळ आहे पण उपकरण काम करत नाही, तर बहुधा इंटरप्ट चुकला.

इंटरप्टचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. लक्ष्मी रोडच्या बाजूच्या एका पतसंस्थेत मार्चअखेरीला खातेउतारे छापायचे होते. १३२ कॉलमचा डॉट मॅट्रिक्स, रिबन नवी, आणि प्रिंटर एक ओळ छापून थांबायचा, श्वास घेतल्यासारखा, मग पुढची ओळ. कॅशियरबाई म्हणाल्या, "अहो, डॉसच्या फ्लॉपीवरून हाच प्रिंटर सुसाट जातो, तुमच्याच सिस्टिमचा घोळ आहे." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. डॉस पॅरलल पोर्टला सारखं विचारत राहतं, झालं का, झालं का. त्याला इंटरप्ट लागतच नाही. झेनिक्स कॅरेक्टरं पाठवून इंटरप्ट ७ ची वाट बघतं, आणि तो आला नाही तर ठरावीक वेळानं पुढे सरकतं. त्या मल्टी आय-ओ कार्डावर (प्रिंटर, सिरियल वगैरे पोर्टांचं एकत्र कार्ड) इंटरप्टचा जंपरच (दोन पिना जोडणारं छोटं टोपण) लावलेला नव्हता. कार्ड विकणाऱ्यानं डॉसवर तपासून दिलं होतं. एका जंपरनं संध्याकाळपर्यंत सगळे उतारे निघाले. आता साउंड कार्ड लावलेल्या मशीनवर हीच गोष्ट उलट होते: साउंड कार्ड ७ किंवा ५ वर बसलेलं असतं आणि प्रिंटर रखडतो. युनिक्सच्या मशीनमध्ये साउंड कार्ड ठेवू नका.

आयसा बसवर दोन कार्डांना एक इंटरप्ट वाटून घेता येत नाही. सिरियल पोर्टांपैकी कॉम १ आणि कॉम ३ दोन्ही ४ वर, कॉम २ आणि कॉम ४ दोन्ही ३ वर असतात. डॉसमध्ये एका वेळी एकच वापरतो म्हणून निभावतं. एनई २००० जातीची नेटवर्क कार्डंही कारखान्यातून बरेचदा इंटरप्ट ३ वरच लावलेली येतात आणि कॉम २ चा टर्मिनल मुका होतो. पत्ता-इंटरप्ट सॉफ्टवेअरनं ठरवायचं प्लग अँड प्ले कार्ड तर झेनिक्सच्या काळाच्या नंतरचं. त्याला कुणी जागं केलं नाही तर ते झोपूनच राहतं. जंपर असलेलं कार्ड केव्हाही बरं.

टर्मिनल जोडलं आणि लॉगिन येत नाही, ही दुसरी मोठी तक्रार. नव्वद टक्के वेळा केबल तीन तारांची असते आणि पोर्ट मोडेम कंट्रोलचा चालू केलेला असतो. झेनिक्समध्ये पहिल्या सिरियल पोर्टला दोन नावं आहेत. टीटीवाय १ च्या पुढे छोटा ए लावला तर मोडेमच्या खुणा न बघणारा, मोठा ए लावला तर कॅरिअर (समोरचा जोडला गेल्याची खूण) येईपर्यंत वाट बघणारा. नुसत्या तीन तारा असतील तर छोटा ए एनेबल करा, मोठा डिसेबल करा. ९ पिनी टोकाला २, ३ आणि ५, २५ पिनीला २, ३ आणि ७. दोन आणि तीन उलटसुलट करायच्या की नाही ते दोन्ही टोकं कुठल्या जातीची आहेत त्यावर ठरतं. शंका असेल तर मल्टिमीटरनं बघा: बोलणारी पिन मोकळी असताना उणे व्होल्टेज दाखवते. दोन्हीकडच्या बोलणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या गेल्या असतील तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. पहिल्यांदा वेग ९६०० बॉडच ठेवा.

खरेदीबद्दल थोडं. रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. अकरानंतर कार्डं ढिगात तुडवली गेलेली असतात. कनेक्टर, जंपर, आयडीईच्या पट्टी केबली, अल्कोहोल, सेल-होल्डर हे बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. बोर्ड बघताना सेलचा कोपरा आधी, मग प्रोसेसर, मग स्लॉट. ४० मेगाहर्ट्‌झचा एएमडी ३८६डीएक्स हा माझ्या मते झेनिक्ससाठी सगळ्यात समाधानी बोर्ड आहे: पुरेसा वेगवान, थंड, आणि जुन्या ड्रायव्हरांतल्या वेळ मोजणाऱ्या लूपना न गोंधळवणारा. पेंटियमच्या वाटेला जाऊ नका. मल्टी आय-ओ कार्ड जंपरचा तक्ता कार्डावरच छापलेला असेल तेच घ्या. तक्ता नसलेलं कार्ड पन्नास रुपयांत मिळालं तरी त्याच्यापायी दोन रविवार जातात. कीबोर्ड एटी जातीचा हवा. एक्सटीचा कीबोर्ड त्याच गोल पाच पिनी तोंडाचा असतो, पण त्याची भाषा वेगळी आहे. मागे स्विच असेल तर ए (एटी) वर करा.

फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी येते. सरकतं झाकण बाजूला करून चकती उजेडात धरा. ढगाळ डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका, एक घाण फ्लॉपी हेड खराब करते आणि ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्या ओरबाडतं. आधी इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली फाइल) काढून ठेवा आणि इन्स्टॉलेशन नव्या प्रतींवरून करा. झेनिक्सला सिरियल नंबर आणि अ‍ॅक्टिव्हेशन की लागते, तो कागद फ्लॉप्यांच्या डब्यातच असतो. डबा घेताना कागद मागून घ्या. कागद नसेल आणि युनिक्स शिकण्याचीच हौस असेल तर मिनिक्स २००० सालापासून आणि कोहेरंट २०१५ पासून मुक्त परवान्यावर आहेत. दोन्हींना वरचे हार्डवेअरचे बहुतेक नियम तसेच लागू पडतात.

बॅड ट्रॅकची (डिस्कवरच्या खराब जागांची) पूर्ण तपासणी खऱ्या डिस्कवर फार वेळ घेते. वीज जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी ती लावू नका. कुठल्याही दिवशी मशीन बंद करताना हॉल्टसिस ही आज्ञा देऊनच बंद करा, नुसता स्विच मारला तर पुढच्या वेळी फाइल सिस्टिम साफ करण्यातच सकाळ जाते.

आणि सगळं चालू झालं की एक कागद घ्या. डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर, प्रत्येक कार्डाचा पत्ता, इंटरप्ट, जंपरची चित्रं, टर्मिनलच्या केबलची जोडणी, सगळं शाईनं लिहा आणि कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. बॅटरी उतरली की सेटअप कोरा होतो, आणि चुकीचे हेड-सेक्टर भरून डिस्क उघडली तर आतला डेटा असून नसल्यासारखा. कोथरूडच्या मुलाचं मशीन उघडलं तेव्हा झाकणाच्या आत असाच एक पिवळा पडलेला कागद होता, कुण्या अनोळखी इंजिनिअरच्या हातचा: ८२०, ६, १७. म्हणजे पूर्वी त्यात ४० एमबीची एसटी-२५१ होती. त्या मुलानं नवे आकडे त्याच कागदावर, त्या ओळीखाली लिहिले.